सिमेंटची गोणी, ७७ ची बाटली आणि वर्षाकाठी एक वही

कात्रणवाला (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आईचं घर आवरताना माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली काढली. आत वडिलांच्या नऊ वह्या. १९७५ ते १९८३, दर वर्षाची एक, तपकिरी कागदाचं कव्हर, वर सुवाच्य अक्षरात साल. आम्हा भावंडांचा कायम समज, की हा जमाखर्च. उघडून पाहिलं तर पानोपानी वर्तमानपत्रांतली राजकीय व्यंगचित्रं, खळीनं चिकटवलेली, खाली पेन्सिलीनं तारीख. बाकी एक अक्षर नाही. वर्तमानपत्राचं नाव नाही, शेरा नाही. बाबांना कडा सरळ कापायची भारी हौस, त्यामुळे बऱ्याच चित्रकारांच्या सह्यासुद्धा कात्रीत गेल्या आहेत.

वाटलं होतं खूप हसायला येईल. खरं सांगतो, वीसेक चित्रांमागे एखाद्यालाच हसू आलं. बाकीच्या वेळी 'हा कोण?' आणि 'हे इथे का?' १९८१ च्या वहीत सप्टेंबरपासून जिकडेतिकडे सिमेंटची गोणी. खुर्चीखाली गोणी, डोक्यावर गोणी, एका चित्रात तर आरतीच्या ताटात गोणी. माझ्या मुलीनं विचारलं, "आजोबा बांधकाम खात्यात होते का?" मग तिला बसवून सांगावं लागलं. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, घराला चार गोण्या हव्या तरी परवाना लागायचा. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाच्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांची सांगड घातली, जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि राजीनामा आला. त्या चार-पाच महिन्यांत महाराष्ट्रात कुणाला गोणीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. आज चित्रापेक्षा तळटीप मोठी होते.

१९७५ ची वही वेगळ्याच कारणानं बघण्यासारखी आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत नुसती धमाल. जुलैपासून पाऊस, रेल्वेची गर्दी, क्रिकेट. चित्रंही कमी, तारखांत मोठमोठी अंतरं. आणीबाणीवर मी पुस्तकं वाचली आहेत, पण ती अशी पानं उलटताना जाणवली नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. यानंतर मला नादच लागला. फोर्टच्या पदपथावर एक जाडजूड अमेरिकन पुस्तक मिळालं, 'बेस्ट एडिटोरियल कार्टून्स ऑफ द इयर', १९७४ ची आवृत्ती, म्हणजे १९७३ ची चित्रं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या दैनिकाचे व्यंगचित्रकार चार्ल्स ब्रुक्स हे संपादक, पेलिकन हे लुइझियानाचे प्रकाशक. १९७३ पासून त्यांनी दर वर्षाचं एक असं पुस्तक काढायला सुरुवात केली. वॉटरगेट, उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांचा राजीनामा, अरबांनी तेल तोडल्यावरच्या पेट्रोलच्या रांगा. बाबांच्या वहीसारखंच, फक्त छापील आणि विषयवार.

मग प्रश्न पडला की मराठीत असं का नाही? आपल्याकडे संग्रह आहेत, पण ते 'निवडक अमुक' किंवा 'तमुक यांची गाजलेली व्यंगचित्रे'. एका चित्रकाराचे, तीस-चाळीस वर्षांतून वेचलेले. निवडकमध्ये चुकलेलं चित्र कधी येत नाही. ज्याला चित्रकारानं संपलेला पुढारी म्हणून थडग्यात बसवला आणि तो दोन वर्षांत परत निवडून आला, ते चित्र वार्षिकात राहतं आणि निवडकातून गळतं. मला ते गळालेलं बघायला जास्त मजा येते.

एक मदतही हवी आहे. मार्च १९७८ चं एक कात्रण आहे. सदरा-पायजम्यातला चष्मेवाला मंत्री गाड्यावर उभा राहून बाटली पुढे करतोय, बाटलीवर '७७'. गिऱ्हाइकानं तोंड असं केलंय की एरंडेल प्यायला. ७७ म्हणजे जनता पक्षाचा विजय हे कळलं. पण बाटली का?

---

खुस्पट

शिळ्या कढीला ऊत आणण्याचा प्रकार आहे हा. व्यंगचित्र सकाळी चहाबरोबर बघायचं, दुपारी त्यावर भजी ठेवायची. पुस्तक करून कपाटात ठेवलं की ते मेलं. तुम्ही स्वतःच म्हणता, वीसात एक हसवतं. मग अट्टाहास कशाला?

---

मंदाकाकू

अरे देवा, डबल सेव्हन!! कात्रणवाला, तुम्ही लहान दिसता. कोका-कोला १९७७ मध्ये इथून गेला. जनता सरकारनं सांगितलं होतं, भागभांडवल भारतीयांना द्या आणि सूत्र उघड करा, त्यांना ते मान्य नव्हतं. मग सरकारनंच आपलं पेय काढलं, मॉडर्न फूडचं, हो, तेच ब्रेडवाले. नाव 'डबल सेव्हन', ७७ सालाच्या नावानं. तुमचा चष्मेवाला मंत्री म्हणजे जॉर्ज फर्नांडिस असणार, उद्योगमंत्री तेच होते. आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये यायची ती बाटली. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं नाही हो, पण दुसरी कुणी मागायचं नाही. पुढे थम्स अपनं मैदान मारलं.

म्हणजे त्या चित्रकारानं एका बाटलीत दोन्ही भरलंय. सत्तेवर येऊन वर्ष झालं, माल कसा वाटतोय?

---

कात्रणवाला

काकू, साष्टांग नमस्कार! मार्च ७८, म्हणजे बरोबर वर्षपूर्ती. तीन आठवडे मी त्या बाटलीकडे बघत बसलो होतो.

@खुस्पट, हे बघा, आत्ता मेलेलं चित्र काकूंनी उठवून बसवलं. राहिला प्रश्न भज्यांचा, आमच्या बाबांनी भज्यांना दुसरा कागद वापरला, एवढंच.

---

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत एक गोष्ट हमखास मिळते, 'जाइल्स'चे वार्षिक. आडवी पुस्तकं, चित्र पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत. कार्ल जाइल्स 'डेली एक्स्प्रेस' आणि 'संडे एक्स्प्रेस'चा चित्रकार. पहिला संग्रह १९४६ चा, आणि तो १९९५ मध्ये गेल्यावरही पुस्तकं येतच राहिली. नाताळात सासऱ्यांना काय द्यायचं हा प्रश्न एका अख्ख्या पिढीनं याच पुस्तकावर सोडवला. मी पौंडाला एक अशी बारा जमवली आहेत.

त्याची गंमत अशी की पुढारी चित्रात जवळजवळ नसतोच. एक मोठं कुटुंब असतं, काळ्या कपड्यातली खाष्ट आजी, कोपऱ्यात काहीतरी पेटवणारी पोरं. बातमी असते टेबलावर पडलेल्या पेपराच्या मथळ्यात, नाहीतर बाप जे पुटपुटतो त्यात. संप, रेशन, युरोपात जायचं की नाही, सगळं त्या घरात शिरतं. त्यामुळे पन्नास वर्षांनी मथळा कळला नाही तरी आजी कळते. खुस्पटरावांच्या शंकेला हे अर्धं उत्तर झालं. लक्ष्मणांचा कॉमन मॅन आठवतो की नाही? दोघांचे पुतळेही आहेत. आजीचा इप्सविचला, कॉमन मॅनचा पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आणि मुंबईत वरळीला.

टिम बेन्सन नावाचे एक अभ्यासक अलीकडे इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांतली वर्षाची निवडक राजकीय व्यंगचित्रं दर वर्षी पुस्तकात आणतात. प्रत्येक चित्राखाली दोन-चार ओळी, त्या दिवशी काय झालं होतं याच्या. आत्ता त्या ओळी फालतू वाटतात, कालचंच तर आहे! वीस वर्षांनी त्याच उपयोगी पडणार.

---

बोरीबंदर

मराठीत वार्षिक नाही हे खरं, पण मुंबईत होतं, आणि तेही सव्वाशे वर्षांपूर्वी. 'हिंदी पंच' नावाचं व्यंगचित्रांचं नियतकालिक. नावावर जाऊ नका, हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. मजकूर गुजराती आणि इंग्रजी, संपादक बरजोरजी नवरोजी, मूळ अवतार 'पारसी पंच' १८५४ चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांनी वर्षभरातल्या आपल्या व्यंगचित्रांचे स्वतंत्र संग्रह काढले. कर्झन, बंगालची फाळणी, काँग्रेसची अधिवेशनं. पंचोबा नावाचा त्यांचा सूत्रधार, विलायतेच्या मिस्टर पंचचा आपल्याकडचा भाऊ. नाव कसं मराठी वळणाचं आहे बघा.

लखनौच्या 'अवध पंच'नं तर त्याही आधी, १८८१ मध्ये, आपल्या पहिल्या चार-पाच वर्षांच्या चित्रांचं पुस्तक काढलं होतं. आणि मूळ लंडनचा 'पंच' दर सहामाहीला बांधील खंड विकायचा. संग्रह ही कल्पना व्यंगचित्राच्या पाठोपाठच आली आहे. वर्तमानपत्र रद्दीत जातं हे त्यांनाही माहीत होतं.

---

गुळाचा खडा

धागाकर्त्यांना दिवाळी अंक आठवले नाहीत, याचं आश्चर्य वाटलं. आपलं वार्षिक तेच! पाटकरांचा 'आवाज' १९५१ पासून, त्यातली खिडकी-चित्रं कोण विसरेल (आणि आईनं आधी ती तपासून मग अंक आमच्या हातात देणं). वसंत सरवटे यांनी 'ललित'च्या दिवाळी अंकाची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं केली, ती ओळीनं लावली तर मराठी साहित्यविश्वाचा इतिहास होतो. कोण कुणावर रुसलं, कोणतं संमेलन गाजलं, सगळं.

---

कात्रणवाला

गुळाचा खडा, आठवले होते, मुद्दाम लिहिलं नाही. दिवाळी अंकाची चित्रं उन्हाळ्यात मागवतात, पावसाळ्यात छापतात, विकतात ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि वाचतो आपण पुढच्या होळीपर्यंत. म्हणजे जूनमध्ये काढलेलं चित्र मार्चमध्येही चाललं पाहिजे. मग चित्रकार काय काढणार? खड्डे, पाहुणे, साडीचं दुकान, 'साहित्यिक आणि त्याची बायको'. पुढारी असतो, पण टोपी घातलेला कुठलाही. नाव नाही, तारीख नाही. नासू नये म्हणून ताजेपणाच काढून टाकलेला माल. उत्तम असतो, माझी काही तक्रार नाही, पण तो बातमीवरचा नव्हे. सरवट्यांची ती मुखपृष्ठं मात्र अपवाद, मान्य. त्यांना एक छोटं जग मिळालं होतं जिथे वर्षभराच्या भानगडी दिवाळीपर्यंत ताज्या राहतात. साहित्यिक रुसवे लवकर शिळे होत नाहीत!

वार्षिकाच्या सगळ्यांत जवळ जाणारी मराठी गोष्ट म्हणजे बाळासाहेब ठाकरे यांच्या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या, 'मार्मिक'च्या, जुन्या फायली. १३ ऑगस्ट १९६० ला पहिला अंक, प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते, म्हणजे ज्यांना पुढे हक्कानं ओरबाडायचं त्यांच्याच हस्ते. मुखपृष्ठावर आठवड्याचं चित्र, मधल्या पानांवर 'रविवारची जत्रा'. एका वर्षाची फाईल चाळली की त्या वर्षाची मुंबई कळते. पण फाईल मिळायला हवी ना. आमच्या भागातल्या एका वाचनालयात होती, नाव घेत नाही. मी गेलो तेव्हा कपाट रिकामं. जागा अडत होती म्हणून किलोवर दिली. मला सांगणारे गृहस्थही हळहळत होते, पण दिली त्यांनीच होती.

---

निळी शाई

इतका वेळ वाचत होते. सगळे गोड गोड बोलताय, म्हणून एक कडू.

संग्रहाचा आणखी एक उपयोग असतो, तो चित्रकारांना फारसा आवडणार नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातली, इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून एकत्र केली. २०१९ मध्ये 'नवयान'नं 'नो लाफिंग मॅटर' या नावानं पुस्तक काढलं. शंकर आहेत, एन्व्हर अहमद आहेत, लक्ष्मणसुद्धा आहेत. आपण ज्यांना मानतो तीच नावं.

२०१२ चा वाद आठवत असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं चित्र होतं, बाबासाहेब गोगलगायीवर बसलेत, मागे नेहरू चाबूक घेऊन. संसदेत गदारोळ, पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड. ती मोडतोड चूकच. पण तेव्हा आमच्या घरी येणारे सगळे सुजाण लोक एकच वाक्य बोलत होते, "अहो, एक व्यंगचित्र तर आहे!" एकच चित्र पाहिलं तर मलाही तसं वाटलं असतं. शंभर ओळीनं पाहिली तेव्हा लक्षात आलं, की बाकीच्या पुढाऱ्यांच्या शेजारी बाबासाहेब आकारानं किती वेळा लहान काढलेत, किती वेळा रडकं मूल, किती वेळा बाईच्या वेषात. प्रत्येक दिवशी तो वेगळा विनोद होता. एकत्र ठेवल्यावर ती सवय दिसते.

कात्रणवाला, तुम्ही म्हणता निवडकमधून चुकलेली चित्रं गळतात. पुढाऱ्याबद्दलचा अंदाज चुकला, ही एक चूक झाली. ही दुसरी. बाबांच्या नऊ वह्यांत दलित माणूस किती वेळा आलाय आणि कशासाठी, हे जमलं तर मोजून सांगा.

---

खुस्पट

निळी शाई, हा मुद्दा मला पटला. शब्द मागे घेत नाही, पण भजी बाजूला ठेवली.

---

कात्रणवाला

निळी शाई, काल रात्री बसून मोजलं. १९७८ च्या वहीत नामांतराच्या वादावर, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाल्यावर दंगली उसळल्या त्यावर, तीन चित्रं. तिन्हींत मुख्यमंत्री आहेत, विद्यापीठाची कमान आहे, जळणारी झोपडी आहे. झोपडीतला माणूस एकाही चित्रात नाही. आता हे चित्रकारांनी काढलं नाही, की काढलं होतं आणि बाबांनी चिकटवलं नाही, ते कळायला मार्ग नाही. निवड बाबांचीही होतीच. नऊ वह्या मिळून मला सहा चित्रं सापडली. याहून जास्त आत्ता लिहवत नाही.

---

संपादक मंडळ

चालू निवडणुकांवरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा छान चाललाय, व्यंगचित्रांवरच राहू द्या.

---

बोरीबंदर

आणीबाणीच्या वहीबद्दल थोडं. 'शंकर्स वीकली' ३१ ऑगस्ट १९७५ ला बंद पडलं, बरोबर त्याच रिकाम्या पानांच्या काळात. मात्र सगळेच गप्प नव्हते. १० डिसेंबर १९७५ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं ते प्रसिद्ध चित्र आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसून अध्यादेशावर सही करताहेत, आणखी असतील तर थांबायला सांगा म्हणताहेत. आपल्या वहीत आहे का?

अबूंनी १९७७ मध्ये त्या काळातल्या चित्रांचं पुस्तक काढलं, 'द गेम्स ऑफ इमर्जन्सी'. त्यात सेन्सॉरनं अडवलेली चित्रंही आहेत. तुमच्या वहीत जे येऊच शकलं नाही, ते तिथे आहे. शेजारी शेजारी ठेवून बघा.

---

कात्रणवाला

बाथटबवालं नाही. घरी तेव्हा एक मराठी आणि ऑफिसातून येणारं एक इंग्रजी, ते बहुधा 'एक्स्प्रेस' नसावं. १० डिसेंबरला वहीत आहे क्रिकेट.

---

मांडवीतीर

थोडं अवांतर, क्षमस्व. गोंयकार म्हणून मारियोचं नाव कुणीतरी घ्यायला हवं होतं. मारियो मिरांडा तरुणपणी रोजनिशी लिहायचा नाही, काढायचा. त्याच्या १९४९, १९५०, १९५१ या तीन वर्षांच्या चित्ररूप रोजनिश्या नंतर वर्षाचं एक अशी पुस्तकं होऊन आल्या. लोटलीचं घर, मुंबईतलं कॉलेज, पाद्री, लग्नं, बँडवाले. राजकारण जवळजवळ नाही. पण पोर्तुगीज गोव्याचं त्या तीन वर्षांतलं जगणं दिवसागणिक हवं असेल तर मला तरी यापलीकडे काही मिळालं नाही. वार्षिक संग्रह काढायला बातमी लागतेच असं नाही, तारीख लागते.

---

कॅनबेरीकर

ऑस्ट्रेलियात याला सरकारी आश्रय आहे म्हटलं तर हसाल. इथल्या जुन्या संसद भवनात लोकशाहीचं संग्रहालय आहे, तिथे दर वर्षी 'बिहाइंड द लाइन्स' नावाचं त्या वर्षातल्या राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागतं. ज्या दालनांत पंतप्रधान बसायचे तिथेच भिंतीवर पंतप्रधानांची फटफजिती. शाळेच्या सहली येतात, मुलं खदाखदा हसतात, कळतं किती ते माहीत नाही. मी पाहुण्यांना कांगारूंच्या आधी तिथे नेतो.

---

न्यूजर्सीची नलू

अमेरिकेची पुस्तकं जुनी मिळतात, पण चित्रकारच कमी होत चाललेत हो. जुलै २०२३ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्र कंपनीनं पुलित्झर मिळालेले तीन व्यंगचित्रकार एकाच दिवशी घरी पाठवले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीनं २०१९ मध्येच राजकीय व्यंगचित्रं बंद केली. पुलित्झरमध्ये १९२२ पासून व्यंगचित्रांसाठी वेगळा विभाग होता, २०२१ मध्ये कुणालाच दिलं नाही आणि पुढच्या वर्षी विभागाचं नावच बदललं. ज्या गावाच्या पेपरात चित्रकारच नाही, त्या गावातली गोणी कोण काढणार? आमच्या काउंटीतल्या भानगडींवर मी इतक्या वर्षांत एक चित्र पाहिलेलं नाही. आणि भानगडी आहेत.

---

शाईचा डाग

मी स्वतः (अगदी लहान प्रमाणावर) व्यंगचित्रं काढतो, म्हणून आतली गोष्ट. मराठीत वार्षिक का नाही? चित्रं पाच-सहा वर्तमानपत्रांत विखुरलेली, हक्क कुणाकडे, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. प्रकाशक म्हणतो, मार्चमध्ये छापलं तर गेल्या वर्षीचं कोण घेणार, आणि दहा वर्षांनी छापलं तर कुणाला कळणार. दोन्ही बाजूंनी बरोबर बोलतो. वर आजची निम्मी चित्रं कागदावर येतच नाहीत. मी रात्री फोनवर टाकतो, सकाळी माझंच चित्र मला माझ्या मामाकडून येतं, सही कापून. (कात्रणवाला, तुमच्या बाबांना माफ केलं. त्यांनी निदान तारीख घातली.)

माझ्याकडचे दोन-तीन भारतीय संग्रह आत्ता उघडून बघितले. एकातही चित्रांखाली तारीख नाही. मलाच लाज वाटली, मीही घालत नाही. आजपासून घालणार.

---

मंदाकाकू

वह्यांना कसर लागली असेल तर आधी त्याचं बघा हो. खळ गव्हाची, किडे त्यावरच येतात. चित्रं ओढून काढायला जाऊ नका, फाटतील. वहीसकट फोटो घ्या, खिडकीशी, फ्लॅश न लावता. आणि हो, कात्रणांची मागची बाजू कुठे सुटी असेल तर तीही बघा, जाहिराती आणि सोन्याचे भाव मिळतील. वर्तमानपत्राचा टाइप बघून पेपर कोणता तेही ओळखता येईल.

---

कात्रणवाला

काकू, मागच्या बाजूची युक्ती कामाला आली. १९८१ च्या वहीतलं एक चित्र कोपऱ्यातून सुटलं होतं, मागे दादरच्या नाटकाची जाहिरात निघाली, तारीख-वेळेसह. पेन्सिलीची तारीख एका दिवसानं चुकली आहे, म्हणजे बाबा दुसऱ्या दिवशी चिकटवत असणार, पेपर आजोबांचा वाचून झाल्यावर.

फोटो काढायला सुरुवात केली आहे. रविवारी १९८१ टाकतो. मुलीनं बसून गोण्या मोजल्या, एकोणीस भरल्या. विसावी मिळाली म्हणून ओरडली, नीट पाहिलं तर ती सिमेंटची नाही, साखरेची. त्या चित्रातला टोपीवाला कोण आहे, हे आता तुम्ही सांगा.